गोव्याच्या गच्चीवरून पृथ्वीची दोन फिरणी वेगळी कशी ओळखावीत

विचारणा थोडक्यात अशी आहे: मीरामारला डिसेंबरात सूर्य उघड्या समुद्रात बुडतो, मेमध्ये मात्र आग्वादच्या डोंगराआड जातो. फेब्रुवारीत रात्री आठला डोक्यावर असलेला मृग एप्रिलात पश्चिमेला कललेला असतो. दुपारी बाराला सावली सरळ उत्तरेला पडत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही, हे शाळेत झाले. पण यातला कोणता बदल कशामुळे, आणि तो मुलांना गच्चीवरून दाखवायचा कसा?

कसोटी साधी आहे. जागा तीच, तारीख तीच, फक्त घड्याळ पुढे गेले आणि आकाश बदलले, तर ते परिवलन, म्हणजे स्वतःभोवतीचे फिरणे. जागा तीच, घड्याळातली वेळही तीच, पण तारीख पुढे गेली आणि आकाश बदललेले दिसले, तर ते परिभ्रमण, म्हणजे सूर्याभोवतीची प्रदक्षिणा. आणि सूर्य क्षितिजावर उत्तर-दक्षिण सरकला, तर परिभ्रमणाच्या जोडीला आसाचा २३.४ अंशांचा कल आहे. नोंदी फसतात त्या बहुतेक वेळा दोन गोष्टी एकदम बदलल्यामुळे. आज सातला पाहिले, पुढच्या आठवड्यात साडेआठला. मग वहीतून काहीच निघत नाही.

आधी परिवलन. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे तासाला १५ अंश फिरते. पणजी साधारण १५.५ उत्तर अक्षांशावर आहे, तिथली जमीन तासाला सुमारे १,६१३ किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चालली आहे. हवा, समुद्र, घर सगळेच बरोबर चालले असल्यामुळे ते कळत नाही. बेतीच्या फेरीबोटीत बसले की काठ मागे सरकतो, तसे तारे पश्चिमेकडे सरकतात, आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास नावेचाच दाखला देऊन हे सांगून ठेवले आहे.

मोजायला हात पुरतो. हात पूर्ण लांब केला की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते, लहान मुलांचीही, कारण मूठ लहान तसा हातही आखूड. तासाला दीड मूठ हे माप पक्के धरा. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे माडाच्या शेंड्याला टेकलेले पाहून जागा ठरवा, तिथेच पाय रोवा, आणि एका तासाने पुन्हा पाहा. जागा दोन पावलेसुद्धा हलली तर जवळच्या माडाच्या तुलनेत सगळे माप बिघडते, म्हणून खूण शक्य तितकी लांबची घ्यावी: टेकडीची कड, मोबाइलचा टॉवर, देवळाचा कळस.

सगळे आकाश फिरते तर न फिरणारा बिंदू कुठे? उत्तर क्षितिजापासून बरोबर आपल्या अक्षांशाइतक्या उंचीवर. पणजीत १५.५ अंश, म्हणजे दीड मूठ. ध्रुवतारा त्या बिंदूपासून सुमारे ०.६ अंश बाजूला आहे, इतका फरक डोळ्याला कळत नाही. गोव्यात अडचण वेगळीच येते. ध्रुव काही सर्वांत तेजस्वी तारा नव्हे, तो दुसऱ्या प्रतीचा आहे. त्यात दीड मूठ उंचीवर समुद्राची वाफ, गावाचा उजेड आणि माडांची रांग. पुष्कळ घरांतून तो दिसतच नाही. उत्तर मोकळी असेल तर एप्रिल-मेमध्ये रात्री नऊ-दहाला सप्तर्षी उत्तरेला वर चढलेले असतात. त्यांतल्या पुलह आणि क्रतू या कडेच्या दोन ताऱ्यांतले अंतर पाचपट पुढे न्या, ध्रुव सापडतो. नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहावरून अंदाज घ्यावा.

पुस्तकांत सप्तर्षी रात्रभर ध्रुवाभोवती घिरट्या घालताना दाखवतात, ते चित्र युरोपातले आहे. कधीच न मावळणारे तारे म्हणजे ध्रुवबिंदूपासून आपल्या अक्षांशाइतक्या अंतराच्या आतले. आपल्याकडे ते वर्तुळ अवघ्या १५.५ अंशांचे, त्यात सप्तर्षींतला एकही तारा बसत नाही. ध्रुवमत्स्यातला ध्रुवाखालोखालचा तेजस्वी तारा कोकॅबसुद्धा पणजीत थोडक्यात बुडतो. ज्यांना तारे मावळत नाहीत असे शिकवले गेले, त्यांना गोव्यात ते मावळताना दिसतात आणि मग आपलेच काही चुकले असे वाटते. तसे काही नाही.

त्या बदल्यात दक्षिण आपल्याला भरपूर मिळते. अगस्ती हा तेजस्वी तारा पणजीत दक्षिणेला जवळपास २२ अंश चढतो. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री सव्वानऊच्या सुमारास तो सर्वांत उंच असतो, व्याधाच्या खाली किंचित उजवीकडे. त्रिशंकू या तारकासमूहाचा वरचा तारा १७ अंश आणि खालचा जेमतेम ११ अंश चढतो. मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला उभा असतो. त्यासाठी दक्षिण क्षितिज मोकळे हवे, आणि इथेच गोव्याचा किनारा दगा देतो. समुद्र पश्चिमेला असतो. कोलवा किंवा बाणावलीहून थेट दक्षिणेला पाहाल तर पुढे जमीनच येते. काणकोणच्या काब द राम भागातल्या सड्यावरून मात्र दक्षिणेला सरळ पाणी आहे.

आता दुसरे फिरणे. ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरी होते. पण तेवढ्या वेळात ती सूर्याभोवती जवळपास एक अंश पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा डोक्यावर यायला आणखी जवळपास चार मिनिटे फिरावे लागते. आपले घड्याळ सूर्याचे असल्यामुळे तारे रोज ३ मिनिटे ५६ सेकंद लवकर उगवतात. महिन्याला दोन तास, वर्षाला चोवीस, म्हणजे एक पूर्ण फेरी. वर्षात दिवस ३६५ आणि काही तास, पण पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात फिरते त्याहून एक फेरी जास्त. परीक्षेत हा प्रश्न विचारला की भलेभले अडखळतात.

हे दाखवायला मृगाचा पट्टा सर्वांत सोयीचा, कारण तो जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेवर आहे: बरोबर पूर्वेला उगवतो, बरोबर पश्चिमेला मावळतो, बारा तास वर राहतो. वेळ रात्री आठ, तारीख दर महिन्याची १५, जागा एकच. पणजीत १५ डिसेंबरला पट्टा पूर्वेला सुमारे २० अंश, दोन मुठी वर असतो. १५ जानेवारीला तो अर्ध्याहून जास्त चढलेला. १५ फेब्रुवारीला जवळपास मध्यमंडलावर (उत्तरेकडून माथ्यावरून दक्षिणेला जाणाऱ्या रेषेवर), माथ्यापासून दक्षिणेला दीड-पावणेदोन मुठी. १५ मार्चला पश्चिमेकडे कललेला, १५ एप्रिलला आणखी खाली, आणि १५ मेला क्षितिजापासून एक मूठही नाही. सहा नोंदींत जवळजवळ अर्धी प्रदक्षिणा दिसून जाते. त्यातच एका रात्री, समजा १५ जानेवारीला, आठ, नऊ आणि दहाला नोंद करून ठेवा. म्हणजे मुलांना कळेल की दोन तासांत जेवढा मृग सरकला, तेवढाच महिन्याभरात आठच्या नोंदीत सरकतो. पहिल्याचे कारण परिवलन, दुसऱ्याचे परिभ्रमण.

मेनंतर पट्टा संध्याकाळच्या उजेडात हरवतो. आणि जूनच्या ७-८ तारखेला शेतकरी म्हणतात, मृग लागला. म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला, अर्थातच ते नक्षत्र दिवसा आकाशात असते, रात्री नसते. पावसाची नक्षत्रे रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशी हस्तापर्यंत मोजतात, प्रत्येक साधारण १३-१४ दिवसांचे. ते परिभ्रमणाचे कॅलेंडरच आहे: सूर्य कोणत्या ताऱ्यांसमोर उभा आहे ते सांगणारे. पण त्यात एक सूक्ष्म गडबड आहे. ऋतू ठरतात आसाच्या कलावरून, आणि हा आस स्वतःच सुमारे २५,८०० वर्षांत एक चक्कर मारतो. त्यामुळे ताऱ्यांचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे पडते. नक्षत्रांच्या तारखा ऋतूंपासून ७०-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, आणि साडेनऊशे वर्षांत एक पुरे नक्षत्र. मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला आणि खरे उत्तरायण मात्र २१-२२ डिसेंबरला, हा तफावतीचा हिशेब याच कारणाने झाला. पुढच्या शंभर वर्षांत मृगाची तारीख फार तर एक-दीड दिवस हलेल, तेव्हा पेरणीला काही धोका नाही.

मीरामारचा सूर्य. पृथ्वीचा आस प्रदक्षिणेच्या पातळीला कललेला आहे आणि तो कल वर्षभर अवकाशात एकाच दिशेला राहतो. म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला आणि डिसेंबरात उलट. पणजीच्या अक्षांशावर सूर्य २१ जूनच्या आसपास बरोबर पश्चिमेच्या सुमारे २४.५ अंश उत्तरेला मावळतो, आणि २१-२२ डिसेंबरला तितकाच दक्षिणेला. एकूण झोका ४९ अंश, जवळपास पाच मुठी. मीरामारच्या वाळूवरून आग्वादचे टोक जवळपास पश्चिमेला आणि त्याचा डोंगर तिथून उत्तरेकडे पसरलेला. म्हणून हिवाळ्यात उघडे पाणी आणि उन्हाळ्यात डोंगर. सूर्यास्ताची जागा सारख्याच वेगाने सरकत नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या २०-२३ तारखांच्या सुमारास ती रोज ०.४ अंश, म्हणजे बिंबाच्या रुंदीच्या पाऊणपट सरकते. आठवड्यात फरक ठळक दिसतो. जून आणि डिसेंबरच्या शेवटी दहा दिवस पाहूनही काही हललेले वाटत नाही. शाळेचा प्रकल्प डिसेंबरच्या सुट्टीत सुरू केला की मुले कंटाळतात. फेब्रुवारी ते एप्रिल हाच काळ घ्यावा, हवाही बरी असते आणि पावसाळा आडवा येत नाही.

सूर्यास्ताचे फोटो काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सूर्य सरळ खाली बुडत नाही. पश्चिमेला तोंड करून उभे राहिलात तर तो उभ्या रेषेपासून १५.५ अंश तिरका, उजवीकडे उतरतो. शेवटच्या अर्ध्या तासात तो सुमारे ७ अंश खाली येतो आणि तेवढ्यात जवळपास २ अंश, म्हणजे चार बिंबे, उजवीकडे जातो. होडी किंवा कातळ चौकटीत धरताना तेवढी जागा सोडा. बिंब टेकल्यापासून बुडेपर्यंत सव्वादोन ते अडीच मिनिटे मिळतात आणि अंधारही लवकर पडतो: सूर्यास्तानंतर बावीस मिनिटांत रस्त्यावरचे दिवे उपयोगी पडू लागतात, सव्वा तासात पूर्ण काळोख. उगवतीला मात्र उलट अडचण असते. वाळपई, सांगे या भागांत पूर्वेला सह्याद्री उभा आहे; डोंगराची कड ५ अंश उंच असेल तर सूर्य पंचांगातल्या वेळेपेक्षा वीस मिनिटे उशिरा दिसतो. त्याला कोणाचेही गणित चुकलेले नसते.

सावली बाराला उत्तरेला का पडत नाही, याचे उत्तर घड्याळात आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, पणजी ७३.८३ अंशांवर. फरक ८.६७ अंश, अंशाला चार मिनिटे, म्हणून पणजीची सरासरी मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच येण्याची वेळ, १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. वाळपईला त्याच्या मिनिटभर आधी. त्यावर आणखी एक हेलकावा असतो. पृथ्वीची कक्षा थोडी लंबवर्तुळाकार आहे, जानेवारीत ती वेगाने आणि जुलैत संथ चालते; शिवाय आसाच्या कलामुळे सूर्याची पूर्वेकडची रोजची सरक कमी-जास्त होते. दोन्ही मिळून खरी मध्यान्ह ११ फेब्रुवारीच्या सुमारास १२:४९ ला आणि ३ नोव्हेंबरच्या सुमारास १२:१८ ला येते. एकतीस मिनिटांचा फरक, गच्चीवरच्या काठीने सहज पकडता येतो.

याच कारणाने गोव्यात सर्वांत लवकर सूर्यास्त सर्वांत लहान दिवशी होत नाही. तो नोव्हेंबरच्या २०-२२ तारखांना, सहा वाजून एका मिनिटाच्या आसपास होतो. २२ डिसेंबरला दिवस सर्वांत लहान, सुमारे ११ तास १२ मिनिटांचा, तरी सूर्यास्त ६:०९ ला. आणि सर्वांत उशिरा सूर्योदय जानेवारीच्या २०-२५ ला, सात वाजून पाच मिनिटांनी. जूनचा सर्वांत मोठा दिवस १३ तास २-३ मिनिटांचा. दोन टोकांत दोन तासांचाही फरक नाही, म्हणून थंडीत दिवस किती लहान होतो हे आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

ऋतू सूर्याच्या अंतरावर ठरतात, ही समजूत अजून टिकून आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते जानेवारीच्या ३-५ तारखांना, १४.७१ कोटी किलोमीटरवर. सर्वांत दूर जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५.२१ कोटी. गोव्यात गारवा असतो तेव्हा सूर्य जवळ असतो, एवढे सांगितले की पुरे.

आता काठी. एक मीटर उंच, सरळ, ओळंब्याने उभी केलेली. जमीन पाणसळीने सपाट करून घ्या. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, तोच बहुतेक प्रयोग बिघडवतो. एक अंशाचा उतार म्हणजे सावलीच्या टोकात पावणेदोन सेंटिमीटरची चूक. प्लायवूडच्या फळीखाली पाचरी देऊन ती सपाट केली की काम होते. काठीच्या टोकावर पत्र्याची छोटी चकती आडवी बसवा, तिला ५-६ मिलिमीटरचे भोक पाडा. नुसत्या काठीच्या सावलीचे टोक सूर्यबिंब अर्धा अंश रुंद असल्यामुळे धुरकट येते, मीटरभर उंचीला जवळपास ९ मिलिमीटर धूसरपणा. भोकातून पडलेला गोल कवडसा मात्र मधोमध खूण करता येण्याइतका स्पष्ट असतो. मापे भोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून घ्यायची, काठीच्या बुंध्यापासून नव्हे. तो बिंदूही ओळंब्यानेच काढा.

उत्तर दिशा मोबाइलच्या होकायंत्रावरून काढू नका. गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया आणि लोखंडी कठडा यांनी ते सहज दहा-पंधरा अंश चुकते. फळीवर त्या खालच्या बिंदूभोवती वर्तुळ काढा. सकाळी साडेदहाच्या सुमारास कवडसा वर्तुळाला स्पर्श करून आत येतो, दुपारी दोन-चाळीसच्या सुमारास बाहेर जातो. त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, तिला लंब ती उत्तर-दक्षिण. वर्तुळाची त्रिज्या ऋतूनुसार बदलावी लागते, म्हणून दोन-तीन वर्तुळे आखून ठेवणे शहाणपणाचे. ढग एका खुणेला आला तरी दुसरे वर्तुळ वाचवते.

मध्यान्हीची मापे पणजीत अशी यायला हवीत. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना एक मीटर काठीची सावली २७.७ सेंटिमीटर, उत्तरेकडे. २२ डिसेंबरला ८१ सेंटिमीटर, उत्तरेकडेच. २१ जूनला १४ सेंटिमीटर, पण दक्षिणेकडे. या शेवटच्या मापावर मुलांचा विश्वास बसत नाही, आणि जूनला ढग असल्यामुळे ते सहसा मिळतही नाही. पण मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही सावली दक्षिणेला पडते, तेव्हा आकाश बहुधा उघडे असते. उत्तरेकडच्या व्हरांड्यात मेच्या दुपारी ऊन का येते, ते याच मापात आहे. वर्षाची सरासरी मात्र दक्षिणेच्या बाजूने झुकते, म्हणून सोलर पॅनेल सुमारे १५ अंश दक्षिणेकडे कललेले लावतात.

विषुवदिनाच्या मापाला काठीच्या उंचीने भागले की जो आकडा येतो, तो ज्या कोनाचा टॅन्जंट (tan) असतो, तो कोन म्हणजेच तुमचा अक्षांश. यापुढे जाऊन पृथ्वीचा परीघ काढायचा असेल तर गोव्यातल्याच दोन शाळांची जोडी घेऊ नका. उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत अक्षांशाचा फरक एक अंशाहूनही कमी, सावलीत फरक दीड सेंटिमीटरच्या आसपास. मोजण्यातली चूक सहज तेवढी होते. दिल्लीतली एखादी शाळा घ्या. त्याच विषुवदिनी तिथे सावली साडेचोपन्न सेंटिमीटर येते. दोन्ही ठिकाणे एका रेखांशावर नाहीत, ते चालते, फक्त प्रत्येकाने आपापल्या खऱ्या मध्यान्हीला मोजायचे. उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,४५० किलोमीटर धरा, रस्त्याचे नव्हे.

शून्य सावलीचे दिवस पणजीत २-३ मे आणि ९-१० ऑगस्ट. ऑगस्टचा दिवस पावसात जातो, भरवसा मेवरच. २-३ मेला खरी मध्यान्ह १२ वाजून ३२ मिनिटांच्या आसपास असते. सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे अंतर, त्या काळात रोज सुमारे ०.३ अंश वाढते, त्यामुळे काणकोणात हा दिवस पणजीच्या दीड-दोन दिवस आधी आणि पेडण्यात किंचित नंतर येतो. काठीऐवजी दोन इंच व्यासाचा एक मीटर लांब पीव्हीसी पाइप ओळंब्यात उभा करा, तळाशी पांढरा कागद, आणि तो दिसावा म्हणून खालून दोन विटांवर टेकवा. मध्यान्हीच्या बारा मिनिटे आधी कागदावर कोरीच्या आकाराचा कवडसा उतरतो, वाढत वाढत बरोबर मध्यान्हीला पूर्ण गोल होतो, आणि पुढच्या बारा मिनिटांत दुसऱ्या कडेने निघून जातो. गोल पूर्ण न होता एका बाजूला चिरलेला राहिला, तर पाइप कललेला आहे किंवा दिवस एक-दोनने चुकला आहे. पाइप उभ्या अक्षाभोवती अर्धा फिरवून पाहा: चीर फिरली तर पाइप वाकडा, जागेवरच राहिली तर दोष दिवसाचा किंवा ओळंब्याचा.

या दिवशी देवळासमोरच्या दीपस्तंभाची सावली नाहीशी झाल्याचे फोटो फिरतात. दिसायला छान, पण स्तंभ वर निमुळता असतो. पंधरा मीटर उंच आणि एका बाजूने मीटरभर निमुळत्या खांबाची मध्यान्हीची सावली खऱ्या दिवसाच्या आधी-नंतर बारा-बारा दिवस त्याच्याच बुंध्यावर पडते. म्हणून त्यावरून तारीख ठरवता येत नाही.

राहिला कॅमेरा आणि दुर्बीण. ताऱ्यांच्या रेघांचा फोटो घ्यायचा तर तीस सेकंदांचे १२० फोटो सलग घ्या आणि मग जोडा. तासाभरात रेघ १५ अंशांची येते. दोन फोटोंमधला थांबा एक सेकंदापेक्षा जास्त झाला तर रेघ तुटक दिसते. उत्तरेला रोखलात तर वर्तुळांचे केंद्र दीड मूठ उंचीवर असल्यामुळे मोठी वर्तुळे खाली कापलेली येतात. पूर्वेला आणि पश्चिमेला जवळजवळ सरळ, तिरक्या रेघा. दक्षिणेला क्षितिजाखालच्या बिंदूभोवतीच्या बुटक्या कमानी. रेघा नको असतील तर २४ मिलिमीटरच्या भिंगाला मोठ्या सेन्सरवर वीस सेकंद ही मर्यादा, मोबाइलवर दहा-पंधरा. मृगाकडे आणखी कमी करा, विषुववृत्तावरचे तारे सर्वांत वेगाने सरकतात. ध्रुवाजवळ थोडी सूट मिळते.

मागोवा घेणारा विषुववृत्तीय माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवत ठेवणारी बैठक, घेण्याआधी त्याचा आस १५ अंशांपर्यंत खाली उतरतो का, ते विचारा. उत्तरेकडच्या देशांसाठी बनवलेले काही माउंट इतके खाली येत नाहीत. आले तरी आस जवळजवळ आडवा झाल्यामुळे वजनांची दांडी खाली लोंबते आणि उत्तरेकडच्या पायावर आदळते. उपाय: तिपाईचे दोन पाय उत्तरेला करा म्हणजे दांडी त्यांच्या मधून जाते, किंवा मध्ये उंची वाढवणारा खांब घाला. दुर्बीण आकाशात फिरवून पाहण्याचे काम दिवसा करून घ्यावे. नाहीतर रात्री मोटर अडकून घरघरते, दातेरी चाकांचे दात झिजतात.

ध्रुव माडाआड असेल तर आस ताऱ्यांच्या सरकण्यावरून जुळवायचा. माउंट उत्तरेला, १५.५ अंशांवर, अंदाजाने ठेवा. मोठ्या विशालनाची (प्रतिमा जास्त मोठी दाखवणारी) नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, लावा, तिच्यात फुलीच्या तारा हव्यात. आधी मध्यमंडलाजवळचा, विषुववृत्ताजवळचा तारा घ्या. मागोवा चालू ठेवून पाच मिनिटे पाहा. पूर्व-पश्चिम सरक सोडून द्या, फक्त उत्तर-दक्षिण बघा. तारा दक्षिणेला सरकला तर आस फार पूर्वेला आहे, उत्तरेला सरकला तर फार पश्चिमेला. तो दुरुस्त झाला की पूर्वेला २०-३० अंश उंचीवरचा, विषुववृत्ताजवळचा तारा घ्या. दक्षिणेला सरकला तर आस फार खाली, उत्तरेला तर फार वर. पूर्वेला डोंगर असेल आणि पश्चिमेचा तारा घ्यावा लागला तर उंचीची खूण उलटी होते. नेत्रिकेत दिशा उलट्या दिसतात, त्यामुळे दुर्बीण हाताने ध्रुवाकडे किंचित ढकलून आधी उत्तर कुठली ते पक्के करा: ढकलल्यावर तारा ज्या कडेकडे जातो ती दक्षिण. दोन्ही तारे पाच-पाच मिनिटे फुलीवर टिकले की दृश्य निरीक्षणाला पुरते. लांब फोटोंसाठी तेच पंधरा मिनिटांपर्यंत न्यावे लागते.

किनाऱ्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मध्यरात्रीनंतर दव भिंगावर बसते आणि तारे हळूहळू मंद होतात. ढग आले समजून लोक गुंडाळतात. भिंगाभोवती कागदी पुठ्ठ्याची नळी भिंगाच्या व्यासाच्या दीडपट लांब लावली तर दव तासभर तरी लांबते. त्यापुढे बॅटरीवरचा हीटरचा पट्टा लागतो. दव रुमालाने पुसू नका, त्यात समुद्राचे मीठ असते आणि लेपावर ओरखडे उठतात. घरी आणून झाकण न लावता वाळू द्या.